पश्चिमेची भिंत

लोढाजींना काच हवी होती.
निळी, सहा मजली, पश्चिमेला अखंड.
"गुडगावला असते ना मॅडम, तशी."
पोह्यांवर जिरावण भुरभुरताना
माझ्या नकाशावर दोन पिवळे दाणे सांडले,
नेमके जिन्याच्या जागी.

मी त्यांना मे महिना दाखवला.
कागदावरचा. दुपारचे साडेतीन.
सुपर कॉरिडॉरवर तेव्हा झाड म्हणून नव्हतं,
भेगाळलेली काळी माती, प्लॉटांचे दगड
आणि एक चहाची टपरी, तीही ताडपत्रीखाली.
म्हटलं, छतावरचं ऊन आपलं.
येतं, वीज ठेवून जातं.
पश्चिमेचं ऊनही त्याच सूर्याचं,
पण ते एकदा आत बसलं
की उठवायला पैसे पडतात.
लोढाजी व्यापारी माणूस.
शेवटच्या ओळीला मान हलली.

काच गेली, विटा आल्या.
दोन पदरी भिंत, मध्ये चार इंच हवा.
गवंडी म्हणाला, भिया, किल्ला बांधताय का?
मला बाबा आठवले, मिलमधले वायरमन.
स्नेहलतागंजच्या दोन खोल्यांत ते
आमच्यामागून दिवे मालवत हिंडायचे,
कधीकधी आम्ही खोलीत असतानासुद्धा.

माळव्याची रात्र गार, हे इथे कुणीही सांगतं,
डोळे अर्धे मिटून, शेर म्हटल्यासारखं.
मी ती मोजली.
भर मे महिन्यात पहाटे चारला पंचवीस अंश.
तेवढी पुरते.
गेंदालाल चौकीदार दहाला झडपा उघडतो,
सहाला मिटतो,
दुधावर ताटली ठेवावी तशी
रात्र झाकून ठेवतो स्लॅबमध्ये.
ती दुपारी दोनपर्यंत टिकते.
अडीचनंतर पंखे.

पहिल्या वर्षी छताने दिली
एक लाख बारा हजार युनिटं.
इमारतीने खाल्ली एक लाख नऊ.
ऑगस्टात ढगांनी कर्जात बुडवलं होतं,
नोव्हेंबरात फिटलं.
हल्लीच्या मीटरला फिरणारी चकती नसते,
आकड्यांशेजारी एक बारीक बाण असतो,
आत किंवा बाहेर.
तो बाहेर वळलेला दिसला त्या दिवशी
मी मीटरच्या खोलीत उगाच दहा मिनिटं उभी होते.
बाबा असते तर म्हणाले असते,
आता इथला दिवा मालव.

वर्षाअखेर सगळ्यांना विचारत फिरले.
उकडतं का, अंधार वाटतो का, आवाज येतो का.
तिसऱ्या मजल्यावर पगारपत्रकं बघते
ती फरहाना मन्सूरी म्हणाली,
सगळं छान आहे.
मग पेन्सिल खाली ठेवून,
"मॅडम, संध्याकाळ कुठे ठेवलीत?"

माझ्याकडे उत्तर म्हणून तक्ते होते.
सूर्याचे कोन, भिंतीचा अवरोध, छत्तीस पानं.
त्यांत संध्याकाळ होती,
सहा वाजून चाळीस मिनिटं, पश्चिम, उंची शून्य.

मार्चमध्ये भिंत फोडली.
तीन फूट बाय तीन फूट, तिच्या टेबलाच्या रेषेत.
तोच गवंडी आला,
काही बोलला नाही, नुसता हसला.
वर्षाला नव्वद युनिटांचा खर्च.
ताळेबंदात लिहायला मला सदर सापडेना.
दिव्यांत नाही, पंख्यांत नाही,
लिफ्टमध्ये तर नाहीच.
शेवटी 'इतर' खाली टाकला
आणि पेन्सिलनेच ठेवला.

गेंदालाल सांगतो,
हल्ली लोढासेठ रोज सहाच्या सुमाराला
लिफ्ट सोडून जिन्याने तिसऱ्यावर चढतात.
हातात चहा.
पगाराचं काहीबाही विचारतात,
उत्तर ऐकत नाहीत.