बेचाळीस थेंब

शारजात, रोल्याच्या मागं, चार बंकांची खोली,
एसीचं पाणी बादलीत.
हजार मिली, आठ तास, वीस थेंबांचा सेट,
मिनिटाला किती?
लिस्सी विचारायची वरच्या बंकवरून.
मी घड्याळ धरून बादलीतलेच मोजायचे.
एकतीस.
"हा पेशंट रखडणार," ती म्हणायची.

परीक्षेत तोच प्रश्न आला, आकडे वेगळे.
कानात टप, टप.

पास.
आई फोनवर: म्हणजे आता सुई टोचता येईल तुला?
आठ वर्षं टोचतेय गं.

लिस्सीचं तिसऱ्यांदा राहिलं.
बिर्याणी तिनंच मागवली,
हाडं कडेला लावली, हात धुतले,
पुस्तक माझ्याकडे सरकवलं.
आता तू विचार.

बादली काठोकाठ आली होती.
आधी ती ओतून आले.