डावा पट्टा

कंपनीचा माणूस म्हणाला होता, बाराशे ते सोळाशे तास.
कोरड्या, मऊ मातीवर,
असं मग हळूच म्हणाला.
तशी माती आमच्याकडे तुळशीवृंदावनात आहे,
आणि तिथे पोकलेन चालत नाही.

इथे वर सडा, जांभ्याचे दात विचकलेला.
खाली खाजण, पायातली चप्पल घेतं, परत देत नाही.
मधल्या वाटेवर फुटकी कालवं.
तीन जागी तीन तऱ्हांनी झिजतं रबर.

अब्बास नाखवा शिकवायचा कमी, ओरडायचा जास्त.
"जागच्या जागी गिरकी घेतोस, वरात आहे काय कुणाची?
मोठा वळ. जागा नसेल तर मागे ये, पुन्हा वळ.
लाज मागे येण्यात नाही रे.
पट्टा उतरून चिखलात पडला
आणि गाव बघायला जमला,
ती लाज."

संध्याकाळी बकेट टेकवून एक बाजू उचलायची.
मधला रोलर आणि पट्टा, यांच्यात दोन बोटं.
कमी असेल तर आतल्या तारांवर ताण,
जास्त असेल तर वळणावर निसटणार.
पण बोटं कुणाची?
नाखव्याची दोन म्हणजे माझी तीन;
पहिले चार महिने मी पट्टा ताठच ठेवला
ग्रीस भरभरून.

आणि गोड पाणी.
मे महिन्यात विहिरीनं तळ दाखवला
की वहिनी बादली धरून उभी:
माणसाला एक हंडा, यंत्राला चार?
मी नाखव्याचं तोंड करून सांगायचो, मीठ.
दगडानं पडलेली चीर डोळ्यांना दिसते,
मीठ त्या चिरेतून आत जातं,
तारांपर्यंत,
आणि एका सकाळी रबर
ओल्या भिंतीच्या पोपड्यासारखं सुटतं.
ती ऐकायची. दोन हंडे द्यायची.
दुपारी मशीनवर घालायला जुने झापही तिनंच काढून दिले.

पाचशे तासांनी डावा-उजवा बदल, नाखवा म्हणाला होता.
कलमांचे खड्डे सगळे उतारावर,
उतार नेहमी माझ्या डाव्या हाताला.
मी म्हटलं, शिमगा होऊ दे.
मग म्हटलं, पाडवा.

मीटरवर तेराशे एकोणसाठ.
डाव्यातून तार बाहेर आली,
वीतभर, चमकणारी.
उजवा अजून दोनशे तास सहज गेला असता.

आगोटीला भिकाजी पालशेतकर दोन पोरं घेऊन आला:
तो टाकाऊ पट्टा देतोस?
ग्राइंडरनं कापताना दोन चकत्या संपल्या.
पुळणीवर पसरला, लोखंडी बाजू वाळूत,
वर मासळीचं तेल चोपडलं,
आणि होडी आली त्यावरून
ओंडक्यांवाचून, सात माणसांत,
मागच्या वर्षी अकरा लागली होती.

नाखवा बांधावर बसून बघत होता.
उठला. सावकाश खाली आला.
काठीनं पट्ट्याची कड ढोसली,
वाकून झिजलेल्या खाचेत दोन बोटं घातली.

"डावा ना?"

मी दोर ओढत राहिलो.