निम्माच धुवायचा

शरणपूर रोडला योहान शिरसाठचं दुकान,
पायऱ्या उतरून खाली,
भर दुपारीही निळाच उजेड.
"टाकी केवढी?"
तीन फूट, दीड, सव्वा.
त्यानं जुन्या बिलाच्या पाठीवर गुणाकार मांडला,
वाळू आणि दगड वजा करून म्हणाला, दीडशे लिटर धरा.
तासाला पाच वेळा सगळं पाणी फिरलं पाहिजे.
मग खोक्यावर हजार का लिहिलंय?
"ते रिकाम्या डब्याचं, ताई.
हा बसणार खाली कपाटात, पाणी चढवणार वर,
आत स्पंज भरला की सातशे उरतात."
म्हणजे पगारासारखं, मी म्हटलं,
कागदावर एक, हातात एक.
तो हसला नाही.
त्याला पगार नाही, गल्ला आहे.

तनयाचा मेसेज आला होताच: आई, स्वस्तातला नको, गळतो.
मासे तिचे. ती हॉस्टेलवर.
चार एंजल, एक म्हातारा सकर
आणि काचेवरचं शेवाळ, एवढं मला ठेवून गेली.

शिरसाठनं तळहातावर पांढऱ्या कड्या ओतल्या,
मातीच्या, भाजलेल्या, खडबडीत.
"ह्यांच्या भोकांत जिवाणू राहायला येतात.
माशांची घाण तेच खातात.
वस्ती व्हायला महिना-दीड महिना लागतो.
जुन्या फिल्टरचा काळा स्पंज टाकू नका,
तसाच नव्यात ठेवा, विरजणासारखा.
आणि नळाखाली धुवायचं नाही हं कधी.
नळाला क्लोरीन असतं, सगळे मरतात.
कोण ओततं एवढं, देव जाणे."

मी नखांकडे पाहिलं.

बावीस वर्षं महापालिकेच्या प्रयोगशाळेत
मी गंगापूरचं पाणी बाटलीत धरून उजेडाकडे बघते.
गढूळपणा मोजते. जे जिवंत आहे ते मारते.
शेवटच्या नळाला पॉइंट दोन उरलंच पाहिजे,
उरलं की खाली सही.
शेजारीण गंगेवरून तांब्या भरून आणते,
तो मी तिच्यासमोर हात जोडून घेते
आणि ती गेली की उकळते.
स्वच्छ म्हणजे ज्यात कुणी नाही ते,
इतकं मला पाठ होतं.

"धुवायचं ते टाकीच्याच पाण्यात, बादलीत.
आणि एका वेळी निम्माच स्पंज.
निम्म्यात मळ राहू द्यायचा."
मी मान डोलावली, विद्यार्थिनीसारखी.
मधल्या किमतीचा घेतला, वर बटण दाबलं की
पाणी ओढणारा. नळीला तोंड लावायची गरज नाही.
पावती घेतली. कुठे काम करते ते सांगितलं नाही.

रात्री अडीच वाजता हॉलमधून सासऱ्यांची हाक:
"बंद पडलं का गं?"
नाही, चालू आहे.
"आवाज नाही येत."
म्हणूनच घेतलं.
त्यांना पटलं नाही.
चौतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात काढलेला माणूस,
मशीन गप्प झालं म्हणजे कुणाला तरी मेमो,
एवढंच त्यांना ठाऊक.
टॉर्च घेऊन उठले, कपाटाला कान लावला,
मग हात. "कोमट आहे," म्हणाले, थोडे नाराजच.
मी टॉर्च घेतला आणि आत धरला.
गवताची पाती सगळी एकीकडे झुकलेली,
मध्येच सावरणारी, पुन्हा झुकणारी,
आणि एंजल प्रवाहाकडे तोंड करून
जागच्या जागी पोहत होते.
"हं," सासरे म्हणाले. बसून राहिले स्टुलावर.
मी म्हटलं, झोपा आता.
"तू झोप. मी बघतो."

रविवारी थोडं पाणी बदलायचं आहे.
बादली भरून बाल्कनीत ठेवली आहे, झाकण न लावता.
उद्यापर्यंत त्यातलं माझं
उडून जाईल.