सदतीस नंबर

चूक माझीच होती, आणि ती एका शब्दाची होती.
कुतायसीच्या छातीच्या दवाखान्याचं पोर्टल मी लिहिलं.
डॉक्टरांची यादी एकपासून,
रुग्णांची यादीही एकपासून,
आणि आत कोण आलंय हे लक्षात ठेवायला
सेशनमध्ये एकच खण,
खणावर एकच चिठ्ठी: वापरकर्ता.
खणात नुसता आकडा.
कुठला सदतीस, हे विचारायचं राहून गेलं.

गुरुवारी रात्री नुगझारचा फोन.
"पोरी, मी डॉक्टर झालोय."
मी हसले.
"हसू नकोस. एक्स-रेची तारीख बघायला शिरलो,
बोट घसरून शेजारच्या दारावर पडलं,
तर म्हणतंय, या, डॉक्टर त्सिसाना."

बत्तीस वर्षं ट्रॉलीबस चालवली त्याने.
वळणावर दांडी तारेवरून निसटली
की भर रस्त्यात उतरून दोरीने ती परत बसवायची,
मागे हॉर्न वाजत असायचे.
म्हणाला, "तुझी दांडी भलत्याच तारेला लागलीय, बघ."
इतकं नेमकं निदान
माझ्या ऑफिसात आजवर कुणी केलं नव्हतं.

मग तो गप्प झाला.
फोनमध्ये त्याच्या किटलीचा आवाज.
"मझेविनारचं नाव दिसलं, आमच्या मजल्यावरची.
डाव्या फुप्फुसात सावली, असं लिहिलंय.
तिला सोमवारी बोलावलंय.
तिला अजून माहीत नाही गं."

मी काय बोलणार?
"बंद करा ते," म्हणाले.
"केलं केव्हाच," तो म्हणाला.

रात्रभर बसले.
खण दोन केले, चिठ्ठ्या दोन, कुक्या दोन.
डॉक्टरांची कुकी डॉक्टरांच्याच वाटेने जाईल,
रुग्णांची रुग्णांच्या.
त्सिसाना स्वतःचा रक्तदाब बघायला रुग्ण म्हणून आली
आणि बघून निघून गेली,
तरी तिच्या वॉर्डातले दिवे विझणार नाहीत.
आणि प्रत्येक दाराशी, ओळखीच्या माणसालाही, पुन्हा विचारायचं:
कोणत्या यादीतला तू?

पहाटे चारच्या सुमाराला लमारा आठवली.
जुन्या इमारतीत, तळमजल्यावर, कोट सांभाळणारी.
आईचा हात धरून जायचे मी, तेव्हा तिचा ओटा माझ्या नाकाला लागायचा.
तिच्या पाठीमागे खुंट्यांच्या दोन भिंती,
दोन्हीकडे एकपासून आकडे,
पण डॉक्टरांचे पितळी बिल्ले गोल
आणि आमचे चौकोनी, कोपरे झिजलेले.
हिवाळ्यात वीज जायची, तासन्‌तास यायची नाही,
लमारा अंधारात बिल्ला चाचपायची
आणि बरोब्बर भिंतीकडे वळायची.
चाळीस वर्षांत डॉक्टरचा कोट
एकदाही रुग्णाच्या खांद्यावर गेला नाही.
आणि मी, विद्यापीठाची पदवी भिंतीवर टांगलेली,
मी फक्त आकडा वाचला.

शुक्रवारी सकाळी नवं पोर्टल चढवलं.
जुनी सगळी सेशन्स मोडून टाकली,
सगळ्यांना बाहेर काढलं,
म्हटलं, पुन्हा आत या, आपापल्या दाराने.
नुगझार आला. सदतीस, रुग्ण.
शेजारचं दार दाबून बघितलं त्याने,
ते उघडलं नाही. तसं त्याने कळवलंही.

पण जे त्याने वाचलं होतं, त्यातून
त्याला बाहेर काढायचं बटण माझ्याकडे नव्हतं.

शनिवारी त्याने मझेविनारकडे गरम शोती नेऊन दिली.
रविवारीही.
ती म्हणाली, "काय रे, म्हातारपणी लग्नाबिग्नाचा विचार आहे का?"
तो म्हणाला, "भट्टीवाल्याने एक जास्त दिली."

सोमवारी तिच्याबरोबर तोही गेला.
बाहेरच्या बाकावर, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला.
दार लागलं.
ती बाहेर येऊन सांगेल तेव्हा
पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा कसा करायचा,
समोरच्या काळ्या काचेत
त्याची तालीम करत राहिला.