सहाशे-सोळा

तुर्भ्याला ट्रक टर्मिनलच्या मागं, हळदीच्या गोदामाला लागून
हिराजी मढवींचं टायरचं दुकान.
मी जीप आडवी लावली आणि यादी काढली:
सातची रिम, दोनशे पस्तीस पंचाहत्तर पंधरा,
नाहीतर आठची रिम अन् थेट एकतीस साडेदहा.
दोन महिने मी झोपेतसुद्धा
पाच बोल्टांमधलं अंतर मोजत होते.

ते यादी बघत नाहीत.
वाकून जुन्या टायरावर पंजा पसरतात.
वीत भरत नाही, अंगठा बाहेरच राहतो.
"सहाशे-सोळा. अजून मिळवता कुठनं?"

मी सांगते, साठच्या वर गेलं की स्टिअरिंग थरथरतं,
पाम बीचच्या वळणाला मागचं अंग सुटतं,
आणि सिग्नलला शेजारच्या गाडीतली पोरं हसतात.
हे शेवटचं सांगायचं नव्हतं.

एकतीसचा टायर घरंगळत येतो, चाकाला टेकून उभा राहतो.
मडगार्डाच्या बाहेर चार बोटं.
"वळवा पुरतं. आता बघा, इथं पाट्याला घासणार.
स्टॉपरचा बोल्ट वाढवला तर नाही घासणार,
पण मग गाडी वळवायला अख्खा सेक्टर लागंल.
जायचंय कुठं?"

चिखलात, मी म्हणते.
जरा जास्तच ऐटीत.

"रुंद चाक चिखलावर तरंगतं.
बारीक चाक चिखल कापत जातं, खाली कडक लागेस्तोवर.
खाली कडक असंल तर बारीक चांगलं.
नसंल तर कुठलंच नाही."

मग बोनेटच्या कडेला, जिथं रंगाचे पोपडे निघालेत,
तिथं ते अंगठा घासतात.
तीन रंगांखालून एक करडा, त्यावर अर्धा आकडा.
"ही मापणीची गाडी ना?"

होय. बाबांनी लिलावात घेतली.
त्याआधी अकरा वर्षं तिच्यातच बसून
खाजणं मोजली, मिठागरं मोजली,
बांधावरून साखळी ओढली.

"शिरवण्याच्या खारीत रुतली होती ही.
आम्ही सात पोरं. मी मागनं, उजव्या अंगाला.
चाक फिरलं तसा तोंडभर चिखल.
डायवरशेजारी साहेब होते, चष्मा पुसत बसलेले.
नंतर उतरून लिमलेटच्या गोळ्या वाटल्या."

माझे बाबा.

"असतील."

ट्रक मागं घेणाऱ्याची शिट्टी. हळदीची पूड दोघांच्या हातावर.

"निघाली एकदाची. शेतात दोन रेघा राहिल्या,
एवढ्या-एवढ्या." पुन्हा तोच पंजा, तोच बाहेरचा अंगठा.
"आजा म्हणला, लावणीला बुजतील.
बुजल्यापण. त्या साली भात झालं.
आता तिथनं डबल रोड जातो, मधी बोगनवेल."

बाबांच्या डायरीत त्या दिवसापुढं एक ओळ आहे,
मला पाठ आहे, ती विनोदी वाटायची:
*गाडी रुतली. स्थानिकांची मदत. दोन तास.*

ती मी त्यांना सांगत नाही.
व्हॉल्व्हची टोपी काढते, पुन्हा लावते.

"एकतीस नको," म्हणते.
"नकोच. दोनशे पस्तीस घ्या. रिम काळी की पांढरी?"
लगेच दुकानदार झाले. कॅल्क्युलेटर, जीएसटी,
अलाइनमेंट वेगळं, चहा आमचा.

जुने पाच टायर भिंतीला उभे,
मांडीवरची चड्डी वर केलेल्या पोरांसारखे किडकिडीत.
"यातला एक ठेवू का? भावाची होडी आहे दिवाळ्याला.
धक्क्याला लागून फळ्या झिजतात, बाजूला बांधायला बरा."
पाचही ठेवा, मी म्हणाले.
"एकच पुरे."

परतताना स्टिअरिंग जड, दंड भरून आले.
गाडी मात्र सरळ, शांत, कुणाचीतरी दुसऱ्याचीच.
काँक्रीटवर रेघ उमटत नाही; तरी दोनदा आरशात पाहिलं.
नेरूळला डावीकडं पूर्ण वळवलं
तेव्हा खाली कुठंतरी किंचित घासलं.

नाही घासणार, म्हणाले होते.