पाठभेद

गुजराती संमतीपत्रात हृदय चुकलं होतं, ह्रदय.
सही करण्याआधी मी पेन्सिल मागितली,
खालचा र खोडून ऋकार लावला.
बडोद्यात, रावपुऱ्यातल्या छापखान्यात
अडतीस वर्षं दोन्ही लिप्यांची मुद्रितं तपासली.
गुजराती अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते.
माझी आता छातीवर आहे, उभी,
आत स्टीलच्या तारेचे टाके.

त्याच सकाळी माझ्याआधी कांतिभाई.
सर्जन तोच, बायपासही तीनच.
पाचव्या दिवशी ते लिफ्टपर्यंत चालून आले,
सुनेवर चहावरून चिडलेसुद्धा.
माझा ताप एकशे दोन. फुप्फुसांत पाणी.
कल्चर तीनदा कोरं आलं.
जंतू कुठेच नाही, तरी सगळं रक्त
हत्यार उपसून उभं.
पंपाच्या नळ्यांतून फिरून आलं
ते घरच्यांनाच ओळखेना.

डॉक्टर झंखना तिच्या अभ्यासाचा कागद घेऊन
स्टुलावर बसली.
"काका, एका जागी तुमचं एक अक्षर वेगळं आहे.
सुजेला लगाम घालणाऱ्या जनुकाजवळ.
त्यामुळे असेल. नसेलही."
"चूक?"
"चूक कशी? पुष्कळांत असतं."
"मग पाठभेद," मी म्हटलं.
तिने शब्द कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतला,
ठ ची गाठ अर्धवट.

आईला मुंगी चावली तरी
हात कोपरापर्यंत सुजायचा.
देवीच्या साथीत चार भावंडांतून
तीच उरली.

उशी छातीशी आवळून खोकतो.
श्वास ओढायच्या यंत्रात तीन गोळ्या:
निळी वर जाते,
दुसरी नुसती
थरथरते.