एक ते पाच

संघटनेनं पाठवलेला फॉर्म तीन पानी आहे.
एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्णपणे.
रात्रीचे साडेनऊ, मानेवाड्यात अजून अडतीस अंश,
कूलरच्या वाळ्यावर पाणी मारायला आज कुणाला सवड झाली नाही
आणि टेबलाला चिकटलेत दुपारच्या पगचे केस.
उन्हानं तापून आला होता, एकशे आठ डिग्री.
ओल्या टॉवेलांत, पंख्याखाली तासभर धरला, तेव्हा शेपूट हलली.
मालकीण म्हणाली, टॉवेलचे पण पैसे लावले काय हो?

प्रश्न पहिला. कामातून समाधान मिळतं का?
तीन लिहिलं. खोडलं. चार.
मग परातेकाकांचा शेरू आठवला,
मार्चमध्ये मांडीवर घेऊन त्याला शेवटची सुई दिली,
आणि काका म्हणाले, बाई, तुमचा हात हलका आहे.
हलक्या हाताला किती गुण देतात?
चारही खोडलं.

काम आणि घर यांचा तोल.
मृण्मयी लहान असताना तिचं वजन
मी कुत्र्यांच्या काट्यावरच करायची, दोन पेशंटांच्या मधे.
जुन्या रजिस्टरात सापडेल:
पामेरियन साडेचार, मृण्मयी नऊ, शेफर्ड एकतीस किलो.
आता ती नाशिकला असते. फोनवर मी विचारते,
खाल्लं का? पाणी किती पितेस? पोट साफ होतं का?
आई, ती म्हणते, मी लॅब्राडोर नाही.
दोन. तिला विचारलं तर याहून कमी.

व्यवसायाचं आरोग्य.
आमच्याकडे याची रीत ठरलेली आहे:
ओठ वर करायचा, हिरडी बोटानं दाबायची,
पांढरी पडते. बोट काढायचं आणि मोजायचं.
दोन सेकंदांत गुलाबी झाली तर रक्त फिरतंय.
उधारीची वही मी तशीच उघडली, दबकत.
तिच्यात मालकांची नावं नाहीत, जनावरांचीच आहेत.
टिपू, आठशे.
राणी, शेळी, अडीचशे, पैकी बारा अंडी जमा.
मिठू, पंख, साठ.
शेरू. पुढे बारीक फुली.
फुलीवाल्यांचे पैसे मी मागत नाही.
भाचा सीए आहे. त्यानं तेवीस फुल्या मोजल्या,
म्हणाला, मावशी, एकतीस हजार चारशे, बुडीत खात्यात टाक.
एक्स-रे मशीनचे तीन हप्ते.
मी म्हटलं, बुडीत नको रे, दुसरा शब्द बघ.
तो अजून बघतोय.

गजभिये एकोणीस वर्षं कंपाउंडर आहे माझ्याकडे.
खांद्यावरून वाकून वाचतो.
काय भरून राहिल्या, मॅडम?
मी सुखी आहे का, ते.
अन् ते कागदावर विचारते?
हो. पाचापैकी.
तो सिरिंज मोजता मोजता थांबला.
सकाळी चार. दुपारी तुमच्याशी कोणी बोलूच नये.
त्या पोट्ट्याचं मांजर वाचलं, त्या दिवशी सहा.
सहा नाही यात.
मंग फॉर्म चुकला ना, बाप्पा.

शेवटचा प्रश्न: पुन्हा निवडायला मिळालं तर हेच निवडाल?
मी हात धुवायला उठले. हात स्वच्छच होते.
बेसिनवरच्या आरशात, कोणी पाहत नाही बघून,
स्वतःचा ओठ वर केला, दाबलं, बोट काढलं.
एक...
तेवढ्यात फोन. हुडकेश्वरहून. राणी.
दोन तासांपासून कळा देऊन राहिली, पिल्लाचा पाय मुडपला.
अडीचशे बाकी आहेत ते माहीत आहे, बाई, पण या.

गजभियेनं गाडीची किल्ली आधीच उचलली होती.
पंख्यानं फॉर्म उडू नये म्हणून
वर स्टेथोस्कोप ठेवला. पण तो तर न्यायचा होता.
मग उधारीची वही ठेवली.
चांगली जड आहे.